तो स्वतः किती उठतो?

९ जानेवारी

वन्सं, नमस्कार.

या पत्राला उत्तर द्यायलाच हवं असं नाही. हॉस्पिटलच्या जिन्यात तुम्ही मला बोललात, मीही तुम्हाला नको ते बोलले, आणि नंतर घरी येऊन तुम्ही बॅग उचललीत. समोर ठेवलेल्या चहाला हातसुद्धा लावला नाहीत. त्यामुळे तुमच्या पत्राची वाट मी काही बघत नाही. पण भाऊ तुमचा आहे. त्याची खुशाली तुम्हाला न कळवणं मला देवासमोर बसल्यावर टोचतं, म्हणून लिहिते.

ह्यांना काल घरी आणलं. डावा हात लुळाच आहे. डाव्या पायात अजून जीव आहे, पण तो व्यायामानं बाहेर काढावा लागेल, असं डॉक्टर म्हणतात. बोलणं जड झालंय, समजतं मात्र सगळं. गाडीतून उतरवताना वॉर्डबॉयला म्हणाले, "हळू रे. मीटर जुनं आहे, सील तुटेल." आयुष्यभर लोकांच्या घरचे विजेचे मीटर वाचत फिरले, आता जीभ अर्धी गेली तरी मीटर सुटत नाही.

तुम्ही म्हणालात, "तुझ्याच्यानं तो उचलला जाणार नाही, मुकाट्यानं अपंगांच्या संस्थेत ठेव." ते खोटं होतं असं नाही. न्हाणीघरात पडले त्या सकाळी मला त्यांना वीतभरही हलवता आलं नाही. काखेत हात घालून ओढलं, खाली चादर सारून ओढलं. हाका मारल्या, पण खालच्या शिंप्याच्या मशिनीपुढे माझा आवाज कुठे पोचायला. शेवटी त्यांच्या डोक्याखाली उशी सरकवली आणि ओल्या फरशीवर त्यांच्याजवळ बसून राहिले. शिंपी उसवलेली गादीची खोळ शिवून द्यायला वर आला म्हणून बरं, नाहीतर किती वेळ तशीच बसले असते देव जाणे.

पण वन्सं, आम्हाला मूलबाळ नाही. ते संस्थेत गेले तर या दोन खोल्यांत मी भिंतींशी बोलायचं का? तेव्हा ठरवलंय. हॉस्पिटलची अट अशी आहे की तीन महिन्यांनी त्यांची माणसं घरी येऊन बघणार. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून संडासात, आणि पडलेच तर जमिनीवरून वर, एवढं घरच्या घरी जमत असेल तर ह्यांनी घरी राहावं. नाही जमलं तर संस्था. त्यांच्या शेऱ्याशिवाय औषध नाही की नर्स नाही, त्यामुळे वाद घालायची सोय नाही.

परीक्षा आहे म्हणायची. मॅट्रिकनंतर पहिलीच.

तुमची भावजय


२ फेब्रुवारी

वन्सं, नमस्कार.

हॉस्पिटलमधून व्यायामाच्या बाई येतात, त्यांना हे 'फौजदार' म्हणतात. वयानं तिशीच्या आतल्या, अंगानं काडी, आणि आवाज असा की खाली शिंप्याची मशीन थांबते. मला वाटलं, ह्यांचे हातपाय हलवून जातील. तर आल्या त्या मलाच म्हणाल्या, "काकू, या खुर्चीत बसून दाखवा."

मी बसले.

"हे बसणं नाही, हे पडणं आहे. उठा, पुन्हा."

म्हणजे बासष्ट वर्षं मी नुसती पडत होते.

तुम्ही शाळेत जन्मभर कवायत शिकवलीत, तुम्हाला यात नवल वाटणार नाही. मला वाटलं. त्या म्हणाल्या, "काकू, आपल्याला काही दंड फुगवून स्पर्धेत उभं राहायचं नाही. एकेका स्नायूचे लाड करायचे नाहीत. माणूस दिवसभर काय करतो? बसतो, उठतो, वाकतो, ढकलतो, ओढतो, ओझं नेतो, मागे वळतो. तेवढंच करायचं, पण सगळं अंग मिळून करायचं." आणि मग जाळी काढायच्या झाडूची काठी माझ्या पाठीला लावली. डोक्याला टेकली पाहिजे, खांद्यांच्या मधोमध टेकली पाहिजे आणि माकडहाडाला टेकली पाहिजे. अशी काठी धरून वाकायचं, तिन्हीपैकी एकही जागा सुटता कामा नये. घडी पाठीत पडायची नाही, खुब्यात पडायची. पहिले काही दिवस काठी डोक्यावरून सुटली की हे पलंगावरून ओरडायचे, "सुटली! फौजदार, सुटली हो!" एवढा आनंद त्यांना आजारी पडल्यापासून झाला नव्हता.

लोखंडी वजनं विकत आणणं माझ्या तत्त्वात बसत नाही. तेलाचे रिकामे डबे होतेच, त्यांत वाळू भरली. दोन हातांत दोन डबे घेऊन मी जिना चढते नि उतरते. जमिनीवर उताणं निजून, एका मुठीत पाण्याचा पेला उंच धरून, पाणी न सांडता उभं राहायचं, हाही एक प्रकार आहे. पहिल्यांदा पेला माझ्याच तोंडावर रिकामा झाला. फौजदार म्हणाल्या, "जमिनीवरून उठायची वाट आधी तुमच्या अंगाला कळू दे. मग ती काकांना दाखवता येईल."

ह्यांचेही व्यायाम त्यांनी आखून दिलेत. खुर्चीची पाठ धरून उठायचं, बसायचं, असे. शिंप्याकडून मी ह्यांच्या कमरेसाठी जाड कापडाचा रुंद पट्टा शिवून घेतला, धरायला दोन्हीकडे कड्या. पट्टा ओढायला नाही, नुसता तोल गेला तर धरायला, असं बाईंनी बजावलंय.

देवाच्या दयेनं माझे गुडघे दुखायचे थांबलेत. नमस्कार करून उठताना जमिनीला हात टेकावा लागत नाही.

तुमची भावजय


२४ फेब्रुवारी

वन्सं,

आज मी तुमच्या भावाला जमिनीवरून उचललं.

खुर्चीतून पलंगावर जाताना ते घसरले आणि मधेच बसले. लागलं नाही. पण न्हाणीघरात पडले तेव्हासारखंच तोंड केलं त्यांनी, डोळे मिटून घेतले. मी घाबरले नाही. त्यांना कुशीवर वळवलं, माझे पाय त्यांच्या पायांना अडसरासारखे लावले, पाठ सरळ ठेवली, पट्ट्याच्या कड्या दोन्ही हातांत घेतल्या, आणि त्या काठीची आठवण ठेवून खुब्यातून जोर लावला. फुलासारखे वर आले असं म्हणणार नाही, गव्हाच्या पोत्यासारखे आले, पण आले. पलंगावर बसवलं तेव्हा मला धापसुद्धा लागली नव्हती.

ते माझ्याकडे बघतच राहिले. मग म्हणाले, "अगं, तू तर क्रेन झालीस."

मी देवासमोर साखर ठेवली. शिंप्यालाही दिली. तो म्हणाला, "मावशी, उद्यापासून दुकानाचं शटर तुम्हीच उचला. माझी कंबर गेली."

तुम्हाला मुद्दाम कळवते आहे. जिन्यात तुम्ही जे म्हणालात ते मी विसरलेले नाही.

तुमची भावजय


१२ मार्च

वन्सं,

तुमचं कार्ड आलं. ना नमस्कार, ना खुशाली. एकच ओळ: "तो स्वतः किती उठतो?"

वाचून दोन दिवस मला तोंडात घास गोड लागला नाही. मी इकडे हाडांची काडं करून तुमच्या भावाला सांभाळते, आणि तुम्हाला चार अक्षरं कौतुकाची लिहवली नाहीत. विचारलंत काय, तर हे.

उठतात की. मी पट्ट्याला हात घातला की उठतात.

त्यांच्या व्यायामाचं म्हणाल, तर चालू आहेत. सगळे दिवस काही सारखे नसतात. खुर्ची धरून उठायला लागले की तिसऱ्या खेपेला त्यांचे ओठ पांढरे पडतात. पाय लटपटतो, डोळ्यांतून पाणी येतं, आणि ते माझ्याकडे बघतात. त्या वेळी समोर हाताची घडी घालून कुणी उभं राहायचं? तुम्ही राहाल. तुम्ही उन्हात मुलं तासन् तास उभी केलीत, तुमचं काळीज त्याला तयार आहे. माझं नाही. मी जरा हात लावते. सुरुवातीला जराच लावत होते. आता ते माझ्या हाताची वाट बघतात, आणि मलाही ते सोपं पडतं. दोघांचा त्रास वाचतो. वाचवण्यासारखं असेल ते वाचवावं, एवढंच मला येतं.

फौजदारांच्या ठरलेल्या खेपा संपल्या. शेवटच्या खेपेला त्यांनी विचारलं, "काका रोज करतात ना?" मी सांगितलं, करतात. देवासमोर बसून सांगितलेलं नाही, एवढं खरं.

परवा शिंपी जिन्यात भेटला. म्हणाला, "मावशी, हल्ली काका गप्प असतात का हो? मागे ते 'एक... दोन... तीन...' मोजायचे, खालपर्यंत ऐकू यायचं. मी त्या तालावर मशीन चालवायचो." मी म्हटलं, ऊन येतं, खिडकी लावलेली असते.

माझं मात्र उत्तम चाललंय. संडासात, खुर्चीत, अंघोळीला, सगळीकडे मी एकटी नेते. परीक्षेची मला आता मुळीच भीती नाही.

तुमची भावजय


११ एप्रिल

वन्सं,

ते आले होते. फौजदार आणि हॉस्पिटलचे डॉक्टर.

मी ह्यांना स्वच्छ कपडे घातले होते, दाढी केली होती. पलंगावरून खुर्चीत नेलं. खुर्चीतून संडासाच्या दाराशी नेलं. मग डॉक्टर म्हणाले, जमिनीवरून. मी सतरंजी घातली, ह्यांना अलगद खाली बसवलं, आडवं केलं, आणि शिकले होते तसं, अंगाची एकही घडी चुकू न देता, उचलून पुन्हा खुर्चीत ठेवलं. माझ्या मनात आलं, वन्सं, तुम्ही इथं असायला हव्या होतात.

डॉक्टर वहीत काही लिहीत होते ते थांबले. फौजदार ह्यांच्या मांडीकडे बघत होत्या. त्यांनी टेप काढली. डाव्या मांडीला लावली, मग उजव्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "उजवा पायसुद्धा वाळलाय. चांगला पाय."

मला समजलं नाही.

मग त्या म्हणाल्या, "काकू, तुम्ही जरा खिडकीशी जाऊन उभ्या राहा. काका, उठा बघू. खुर्ची धरा आणि उठा."

ह्यांनी खुर्चीच्या हाताकडे बघितलं. मग पट्ट्याकडे बघितलं. मग खिडकीकडे, माझ्याकडे. उठायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. जसं काही बाईंनी त्यांना उडायलाच सांगितलं होतं.

"जानेवारीत हा माणूस माझ्यासमोर खुर्ची धरून उभा राहिला होता," बाई म्हणाल्या. आवाज अगदी खाली गेला होता त्यांचा. "पाचदा. मी स्वतः मोजलंय. काकू, तुम्ही उचलत गेलात, म्हणून ते उठायचे थांबले. पायाला काम नाही उरलं."

मी म्हटलं, "पण तुम्हीच म्हणालात, घरच्या घरी जमलं पाहिजे. मला जमतंय की."

"तुम्हाला जमतंय," त्या म्हणाल्या. "तुमच्यासारखी अंगानं तयार झालेली बाई मी या कामात दुसरी बघितली नाही. पण उद्या तुम्हाला ताप आला, तर? परवा तुमचा पाय मुरगळला, तर? घरी राहायचंय ते त्यांना, काकू. परीक्षा त्यांची होती."

ही गोष्ट मला कुणी आधी सांगितली नव्हती असं मी म्हणणार होते. पण तुमचं कार्ड देव्हाऱ्याच्या कडेला उभं करून ठेवलेलं होतं, तेव्हा म्हटलं नाही.

सोमवारी गाडी येणार. संस्थेत जागा आहे. बाई म्हणाल्या, तिथे पाय परत तयार करून घेऊ, वेळ लागेल, होईलच असं नाही. ह्यांनी सगळं ऐकलं. मीटरबिटर काही बोलले नाहीत.


१९ मे

वन्सं, नमस्कार.

तुमच्या दोन्ही पत्रांना उत्तर दिलं नाही, माफ करा. काय लिहू ते सुचत नव्हतं.

संस्था गावाबाहेर आहे, दोन बस बदलाव्या लागतात. लांबच्या लांब खोली, रांगेनं पलंग, खिडक्या उंच, फिनेलचा वास. स्वच्छता आहे, नावं ठेवायला जागा नाही. ह्यांच्याकडे एक आडव्या बांध्याची परिचारिका आहे. ती ह्यांच्या खुर्चीसमोर स्टूल टाकून बसते, म्हणते, "उठायचं, साहेब," आणि वर्तमानपत्र वाचायला लागते. हे कण्हतात, शिव्या देतात, तिच्या सात पिढ्या काढतात. ती पान उलटते. "शिव्या बसून देताय, साहेब. उभं राहून द्या." अर्धा तास लागो, तास लागो.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा तिला धक्का मारून बाजूला करावी असं वाटलं. आणि मला ते जमलं असतं.

गेल्या मंगळवारी मी व्यायामाच्या वेळीच पोचले. दाराला काच आहे. आत बघितलं तर हे उभे. खुर्चीच्या पाठीवर उजवा हात, मान खाली, पाय थरथरतायत, पण उभे, वन्सं, आपल्या पायावर. त्यांना असं उभं मी फेब्रुवारीनंतर बघितलं नव्हतं. माझ्या तोंडून देवाचं नाव निघालं आणि मी दार ढकलून आत गेले.

त्यांनी मला बघितलं आणि खाली बसले.

धाडकन नाही. सावकाश, दमलेला माणूस आपल्या घरी येऊन बसतो तसे.

परिचारिकेनं मला बाहेर नेलं. वाईट शब्द बोलली नाही. म्हणाली, "बाई, तुम्ही नसता तेव्हा ते रोज उठतात. तुम्ही दिसलात की त्यांच्या पायांना वाटतं, आली आपली गाडी." नंतर संस्थेच्या मोठ्या बाईंनीही बोलावून सांगितलं. घरी सोडायला हरकत नाही, पण एका अटीवर. मी खोलीत असताना ते आपले आपण उठले पाहिजेत. नुसतं उठून चालणार नाही, मी समोर असताना उठले पाहिजेत. नाहीतर घरी नेऊन महिन्याभरात पुन्हा तेच होणार.

इकडे घरात मी सगळ्या फरशा घासल्या, माळ्यावरचे डबे उतरवून पुसून परत चढवले. शिंप्याच्या दुकानात कापडाचे तागे आले होते, ते मी एकटीनं आत नेले. तो नको नको म्हणत होता. या अंगात आता इतकी ताकद आहे की संध्याकाळी ती मला बसू देत नाही, आणि तिचं करायचं काय ते कळत नाही. देवाकडे मागून मिळालेली गोष्ट आहे, टाकूनही देता येत नाही.

तुमची भावजय


८ जून

वन्सं, नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं, या वेळी तीन पानी. "मी येऊ का" म्हणून विचारलंत. जरूर या. सरळ घरी या, संस्थेच्या फाटकाशी भेटू वगैरे परक्यासारखं नको. मात्र तुम्ही लिहिलंय तसं "मी त्याला उठवते" म्हणून यायचं असेल, तर त्याचा उपयोग नाही. तुमच्यासमोर ते उठतील. त्या परिचारिकेसमोर उठतात, झाडूवाल्यासमोरही उठतात. प्रश्न माझा आहे.

आज गेले होते. ठरवून गेले होते. परिचारिकेला म्हटलं, तुम्ही बाहेर थांबा, आणि दार लावून घेतलं. ह्यांच्या समोर, दोन पावलं सोडून उभी राहिले. म्हटलं, "उठा."

ते हसले. म्हणाले, "आलीस? चल, घरी ने."

"उठलात की नेते."

त्यांनी उजवा हात पुढे केला. नेहमी करायचे तसाच, तळवा वर. मी माझे दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि एका हातानं दुसऱ्याचं मनगट धरलं. फौजदारांनी हे काही शिकवलं नव्हतं. वाळूचे डबे घेऊन तीन जिने चढणं याच्यापुढे काहीच नाही.

"अगं, धर ना."

मी काही बोलले नाही. बोलले असते तर धरलं असतं.

मग ते रडायला लागले. आवाज न करता, तोंड वाकडं होऊन. नाकातलं पाणी ओठांवर आलं, ते पुसायलासुद्धा त्यांनी तो हात मागे घेतला नाही. मला पदर पुढे करता आला असता. नाही केला. उंच खिडकीतून ऊन त्यांच्या मांडीवर पडलं होतं, आणि त्या उन्हात मला दिसलं, त्यांचा उजवा पाय हळूच मागे गेला. टाच खुर्चीखाली ओढली गेली. उठायच्या आधी पाय जसा घ्यायचा तसा. अंग थोडं पुढे झुकलं.

मग पाय पुन्हा पुढे आला आणि ते टेकून बसले.

भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली. मी म्हटलं, "उद्या येते."

ते माझ्याकडे बघून म्हणाले, "निर्दय."

आजारी पडल्यापासून त्यांच्या तोंडून इतका स्वच्छ, अडखळल्याशिवाय शब्द मी ऐकला नव्हता, वन्सं.

तुमची भावजय